तीन लांब, एक आखूड

अ‍ॅसिडचे थेंब पडले आणि बशीतल्या शेवाळाच्या फांदीतून बुडबुडे उसळायला लागले, तसे अण्णा स्टुलावरून अर्धे उठलेच.

"अगं, मरतंय ते!"

"तुम्ही वर आणलंत तेव्हाच मेलं ते, अण्णा. आता नुसता चुना विरघळतोय. आणि जरा हळू बोला, इथे प्रयोगशाळेत सगळ्यांचे कान शाबूत आहेत," मुलगी त्यांच्या कानाशी म्हणाली.

"मग काय, एकट्या मलाच ऐकू येईना म्हणून सगळ्यांनी कुजबुजायचं?"

चाळीस वर्षं अण्णांनी बंदरात बुड्या मारल्या होत्या. धक्क्याचे खांब खरवडायचे, भेगा बुजवायच्या. त्यात कान गेले, गुडघे गेले. धक्का बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव दगडावर कोरलेलं होतं. त्याच खांबांचे पाय सांभाळणाऱ्यांचं कुठे काही नव्हतं. पाण्याखालचं काम कोणाला दिसतं? शेवटच्या वर्षी एका खोल कपारीतून त्यांनी हे गुलाबी, दगडासारखं झुडूप वर आणलं आणि मुलीच्या हातात ठेवलं. नंतर ती कपार भरावाखाली गेली. मुलगी समुद्री शेवाळांचीच अभ्यासक. ती सहज बोलून गेली, "नवीन जात निघाली, तर तिला तुमचं नाव देईन." झालं! न्हाव्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळ्यांना बातमी पोचली. आज अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

हे शेवाळ दिसायला झाड आणि हाताला दगड. पेशींच्या भिंतींत चुना साठवून ते स्वतःला कडक करून घेतं. फक्त सांध्यांना तेवढा चुना लागू देत नाही. म्हणून लाटेत वाकतं, पण मोडत नाही. सांध्यांवरून त्याचं घराणं ओळखता येतं. नेमकी प्रजाती ठरवायची, तर चुना काढून आतली रचना बघावी लागते. अण्णांचं शेवाळ नेहमीच्यापेक्षा जाड होतं, त्याचे सांधेही लांब लांब होते. पण बाहेरच्या रूपावर तिचा विश्वास नव्हता. कमी उजेडात आणि संथ पाण्यात तीच प्रजाती भलतंच रूप घेते, हे तिने कितीदा पाहिलं होतं.

विभागप्रमुख जाता जाता टेबलापाशी थांबले. हळू बोललेलं अण्णांना ऐकू जात नाही हे ठाऊक असल्यामुळे खालच्या आवाजात बिनधास्त म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? बाहेरून वेगळं दिसतंय ना? देऊन टाका नाव. म्हातारा खूश होईल. जगात ही शेवाळं बघणारी माणसं आहेत किती? बोटांवर मोजण्याइतकी."

"त्यातलं एक बोट माझं आहे, सर."

ते हसले आणि पुढे गेले.

"काय म्हणाले गं साहेब?" अण्णांनी विचारलं.

तिने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "म्हणाले, बाहेरूनच बघून नाव द्या."

"वा! काठावर उभं राहून खांबाचा पाया तपासायचा म्हण की."

बुडबुडे थांबले. दगड गेला होता. चिमट्यात आली ती ओल्या दोऱ्यासारखी मऊ फांदी. तिने पात्याने उभे, पातळ काप घेतले, निळ्या रंगात बुडवले आणि एक काचपट्टीवर ठेवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी तिने मनात म्हटलं, 'नवीन असू दे.'

फांदीच्या गाभ्यात पेशींच्या ओळी थरावर थर रचलेल्या होत्या. तीन थर लांब पेशींचे, मग एक आखूड. पुन्हा तीन लांब, एक आखूड. तिने दुसरा काप बघितला, तिसरा बघितला. शंकेला जागाच नव्हती. हा हिशेब तिला तोंडपाठ होता. तरीही कपाटातून तिने जुन्या, सर्वत्र सापडणाऱ्या प्रजातीची काचपट्टी काढली आणि शेजारी ठेवली.

सांगावं कसं, हे तिला सुचेना. मग वाटलं, सांगायचं कशाला? त्यांना डोळे आहेत.

"अण्णा, या. तुम्हीच बघा."

अण्णांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर. "अरे, निळ्या विटा रचल्यात!"

"थर मोजा. वरून खाली."

"लांब, लांब, लांब... ही आखूड. परत लांब, लांब, लांब, आखूड." ते रंगात आले. "काय शिस्त आहे!"

तिने काचपट्टी बदलली. "आता ही."

अण्णा मोजू लागले. पहिल्या आखूड थरापर्यंत आवाज खणखणीत होता. दुसऱ्याला तो उतरला. मग ते नुसते ओठांनी मोजत राहिले.

"एकाच गवंड्याचं काम आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"ही दुसरी कुठली?"

"जुनी आहे. नाव ठेवून शंभरेक वर्षं झाली. सगळ्या किनाऱ्यांवर सापडते."

"तुझी खात्री आहे?"

"आहे."

अण्णांनी मान हलवली. तेवढ्यात विभागप्रमुख परत आले आणि मोठ्याने म्हणाले, "काय अण्णा, पार्टी कधी?"

"नाही जमलं, साहेब. दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावायचं नसतं."

साहेब गोंधळले. तिच्याकडे एकदा बघून म्हणाले, "अहो, गोळा करणारा म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर येईलच की तुमचं नाव."

"ते काय, पगारपत्रकावरसुद्धा यायचं." अण्णा हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

साहेब गेले. तिला वाटलं, आता अण्णा टोपी उचलतील आणि घरी चल म्हणतील. घराच्या वाटेवर न्हाव्याचं दुकान होतं.

"माझी परत लाव," अण्णा म्हणाले.

"काय?"

"माझी पट्टी. मघाशी सगळं कुठे बघून झालं? सांध्यापाशी काय होतं ते राहिलंच."

तिने पट्टी लावली आणि सांधा बरोबर मधोमध आणला. अण्णांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेला टेकले, छाती भरून श्वास घेतला, तो आतच धरला आणि ते खाली वाकले. तिने टेबल आवरलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. ते वर येईपर्यंत ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली.