खडीच्या खाणीतला शनिवार

व्हर्लिन हासे यांनी आमच्या काउंटीतल्या निम्म्या माणसांना रायफल धरायला शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं, मी दहा वर्षांची असताना. पुढे मी शाळेची बस चालवायला लागले, तेव्हा एकदा पेट्रोलपंपावर गाठून त्यांनी विचारलं, "लोर्ना, शनिवारी काय करतेस?" त्याला एकोणीस वर्षं झाली. थंडीत जत्रेच्या मैदानावरच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये आणि बर्फ वितळला की गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत, आम्ही दोघं मुलांचा नेमबाजीचा वर्ग चालवायचो. एके काळी चाळीस मुलं यायची. शेवटच्या वर्षी आठ होती.

प्रशिक्षण घेतलेली दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय वर्ग भरवायचा नाही, असा काउंटीच्या कार्यालयाचा नियम. आमच्याकडे ती दोनच होती.

त्या हिवाळ्यात व्हर्लिन चुकायला लागले. बारा वर्षांच्या मारिटला ते तिच्या आईच्या नावाने हाक मारायचे. एका शनिवारी सुरक्षेचे नियम त्यांनी सांगून संपवले आणि लगेच पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. मुलं एकमेकांकडे बघून हसली. मीही हसले आणि म्हणाले, "नीट ऐका रे, म्हणूनच सर दोनदा सांगतायत." हे नुसतं विसरणं नाही, हे मात्र मला कळत होतं. तरी मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर वर्ग बंद पडला असता.

एप्रिलमध्ये आम्ही खाणीत गेलो. वारा इतका होता की टार्गेटचे कागद फडफडून सुटत होते. किन्झी नावाच्या मुलीचा कागद उडाला, तो लावायला ती पुढे गेली आणि पिना शोधत टार्गेटच्या लाकडी चौकटीमागे वाकली. मी मागे, गाडीतून गोळ्यांचा डबा काढत होते.

"रेंज रिकामी," व्हर्लिनचा आवाज आला. "गोळी भरा. सुरू करा."

एक गोळी सुटली. पाठोपाठ मारिट किंचाळली, "थांबा! थांबा! किन्झी तिकडे आहे!"

वर्गातली सगळ्यात मंद, सगळ्यात बुजरी पोर ती. रायफल खाली ठेवून दोन्ही हात वर करून ओरडत होती, अगदी व्हर्लिननी शिकवलं होतं तशी. गोळी किन्झीपासून चार चौकटी पलीकडे लागली होती. किन्झी उभी राहिली. हातात कागद होता. तिला काय झालं तेच कळलं नव्हतं.

मी सगळ्यांच्या रायफली रिकाम्या करून घेतल्या. व्हर्लिन जागचे हलले नाहीत.

"चौकटीमागे होती का ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मी बघितलंच नाही, लोर्ना. नुसतं तोंडातून निघालं."

मुलांना पोहोचवून संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते आतल्या खोलीत झोपले होते. त्यांच्या बायकोने, आर्डिथने, माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि समोर बसली.

"मला कार्यालयाला कळवावं लागेल, आर्डिथ," मी म्हणाले. "ते आता शिकवू शकणार नाहीत."

ती टेबलावरचं प्लॅस्टिक नखाने खरवडू लागली.

"डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं," ती म्हणाली. "बंदुकांपासून लांब ठेवा म्हणाले."

"आणि तुम्ही पाठवत राहिलात?"

"शनिवारची सकाळ झाली की ते पूर्वीसारखे व्हायचे गं. स्वतः दाढी करायचे. तू असतेस म्हणून मी धीर धरायचे. वाटायचं, काही वावगं असेल तर लोर्ना सांगेलच."

कॉफी तशीच ठेवून मी निघाले.

अहवालात मी सगळं लिहिलं, हिवाळ्यापासूनचं. मला आधीपासून ठाऊक होतं, हेही. माझंही शिकवण्याचं प्रमाणपत्र गेलं, आणि ते योग्यच होतं. किन्झीच्या वडिलांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. सकाळी ती बसमध्ये चढते तेव्हा ते दारात उभे असतात, पण हात करत नाहीत.

वर्ग बंद पडला आणि मे महिन्यात रायफली शेजारच्या काउंटीला द्यायच्या ठरल्या. पुसायला मदत करते म्हणून मारिट शेडमध्ये आली. तासभर ती रायफली पुसत राहिली. मग नळीतून चिंधी ओढताना म्हणाली, "मिस लोर्ना, मी ओरडले नसते तर वर्ग राहिला असता ना?"

"तू ओरडलीस ते बरोबर केलंस."

"ते माहितीये. मी वेगळं विचारलं."

"हो," मी म्हणाले. "कदाचित राहिला असता. आणि पुढच्या कुठल्या तरी शनिवारी आपण किन्झीला पुरायला गेलो असतो."

तिने मान हलवली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. शेवटची रायफल खोक्यात ठेवून ती सायकलने घरी गेली. शेजारच्या काउंटीच्या वर्गात तिचं नाव घालायला मी तिच्या आईला दोनदा सांगितलं. मारिट नको म्हणाली.