भट्टीवाल्याची शीळ

आमच्या पावाच्या भट्टीत ओरडायला बंदी आहे. सासऱ्यांचा नियम. पूर्वी चटका बसला की जो तो "आई गं" करायचा, त्यामुळे कुणी मान वर करून बघायचंही नाही. एकदा पीठ मळायच्या मशीनमध्ये सासऱ्यांचाच हात अडकला. जिवाच्या आकांताने ओरडले, तरी कुणी हलेना. दोन बोटं गेली. तेव्हापासून ओरडायचं ते मशीनने धरलं तरच. एरवी भाजो नाहीतर कापो, तोंडातून ब्र काढायचा नाही. माझा नवरा त्याच तालमीतला. अगदी असह्य झालं की हा शीळ घालतो, बारीक आणि बेसूर.

असल्या माणसाने पोट दुखतंय म्हणून आपणहून सांगितलं, तेव्हा मी त्याला तडक हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "अपेंडिक्सला सूज आहे, पण फुटलेलं नाही. ऑपरेशन करून काढून टाकता येईल, किंवा आधी अँटिबायोटिक देऊन बघता येईल. बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. मात्र दुखणं वाढलं तर लगेच सांगायचं. लपवलंत तर जिवावर बेतेल."

"औषधच द्या," हा म्हणाला. "पोट फाडून पडून राहिलो तर भट्टी कोण बघणार?"

"मी काय तिथे माश्या मारते?" मी म्हटलं.

"आत्ता किती दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"थोडंसं."

थोडंसं म्हणे! ज्याच्या हातावर न भाजलेली जागा शोधावी लागते, त्याचं थोडंसं! मी बाईंना सांगितलं, याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्यांनी मान डोलावली, पण अशा बायका त्यांना रोजच भेटत असणार.

त्याला दाखल करून औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगातला ताप उतरला, म्हणून मी भट्टीवर जाऊन आले. दुपारी वॉर्डच्या दारातच सिस्टर हसत म्हणाली, "तुमचे मिस्टर खुशीत आहेत हं आज! मघापासून शीळ घालतायत."

माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. "अहो, खुशीत कसले! ओरडतोय तो! डॉक्टरांना बोलवा!"

हा भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"अरे, सांगायचं नाही का कुणाला?"

"होईल कमी. उद्या भट्टीवर..."

"मसणात गेली तुझी भट्टी!"

डॉक्टरबाई धावत आल्या. त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं होतं. "फुटलंय बहुतेक. लगेच ऑपरेशनला घेतो," त्या म्हणाल्या. "पण पोटात पू किती पसरलाय ते आत गेल्यावरच कळेल. मी आत्ता कसलीच खात्री देऊ शकत नाही."

त्याला आत नेलं तेव्हा शीळ थांबली होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सासरे येऊन शेजारी बसले. माझा संताप आवरेना. "बाबा, तुमच्या नियमाने माझा नवरा गिळला."

ते उरलेल्या बोटांनी ती दोन थोटकं चोळत राहिले. मग म्हणाले, "मी ओरडलो तेव्हा कुणी आलं नाही गं. पुढे कुणी ओरडलं तर सगळ्यांनी धावावं, एवढंच मनात होतं." आणि म्हातारा ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला.

ऑपरेशन पार पडलं. अपेंडिक्स काढलं, पोट धुतलं, अँटिबायोटिक अजून चालूच राहणार होतं. "शुद्धीवर येऊ दे, मग बघू," बाई म्हणाल्या. एकालाच आत सोडलं, म्हणून सासरे बाहेर बाकावर थांबले.

बऱ्याच वेळाने त्याचे ओठ हलले. आता शीळ ऐकू येणार, असंच वाटलं.

"आई गं!" तो ओरडला. चांगला खणखणीत ओरडला. "दुखतंय! खूप दुखतंय!"

सिस्टर वळायच्या आत दार धाडकन उघडलं. चप्पल बाहेरच टाकून सासरे धावत आत आले.

"आलो रे बाळा, आलो!"