बंपरच्या आत

रत्नदीपने शेवटचा स्क्रू काढला आणि बंपर दोन्ही हातांनी बाहेर ओढला. एक प्लॅस्टिकची क्लिप तुटून अंगणात उडाली.

"मोडलीस!" बुधाजी ओरडले. "वरतून साधा ओरखडा नाय. कशाला उघडतोस?"

"वरतून नाय दिसत, बाबा. प्लॅस्टिक दबतं नि परत फुगतं. मार आतली पट्टी खाते."

हे ज्ञान त्याला सकाळीच मोबाइलवर मिळालं होतं. आदल्या दिवशी बुधाजींनी विहाराच्या फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली, आणि धसईच्या अख्ख्या बाजाराला ते रत्नदीपच्या आधी कळलं. शहापूरच्या ऑफिसातून सुट्टी काढून तो आला, तो बंपर तपासायला असं म्हणायचं. खरं तर तपासायचे होते बाबा. एसटीच्या स्टिअरिंगवर हयात काढलेला, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेला माणूस. त्याला 'आता गाडी सोडा' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गाडीच काय ते सांगेल, असं रत्नदीपला वाटलं होतं.

गाडीने जरा जास्तच सांगितलं. लोखंडी पट्टी तीन जागी आत गेली होती. एक पोचा ताजा होता. दुसरा गंजलेला. तिसऱ्याच्या खाचेत हिरवा रंग अडकला होता, आणि गावात हिरवं असं फाटक कुणाचंच नव्हतं.

"बाबा, हे दोन कधीचे?"

बुधाजी वाकले. गंजलेल्या पोच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग हिरव्यावरून.

"खांब तर एकच लागला."

"मग हे?"

"उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं असंल." ते थांबले. "हिरवं... हिरवं कुठं हाय रे?"

रत्नदीप घाबरला. बाबा थापा मारत असते तर बरं झालं असतं. पण ते खरोखर आठवून बघत होते, आणि त्यांना काही सापडत नव्हतं.

"ते दोन माझे," पायरीवर तांदूळ निवडत बसलेली त्याची आई, कमळाबाई, म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"हे दुपारचे निजले का मी काढायची गाडी. शिकत व्हते. ठोकली दोनदा. कुठं ते नका विचारू, मलाच लाज वाटते."

कमळाबाईला सायकलसुद्धा येत नव्हती. भाड्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचं म्हटलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. रत्नदीपने तोंड उघडलं, पण आईने सुपातला खडा लांब भिरकावला आणि त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने ते मुकाट्याने मिटलं.

बुधाजी बायकोकडे बघत राहिले. आता बाबा तिला खोटं पाडणार, असं रत्नदीपला वाटलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून चावी काढली, अंगण ओलांडलं आणि ती सुपात तांदळांवर ठेवली.

"मग तुझ्यापाशीच ठेव गो," ते म्हणाले. "मी मागितली तरी देऊ नको."