सिंहगडाकडं तोंड

"चांगल्या छत्रीचं वाटोळं केलं पोरीनं! सगळ्या काड्या त्या काठीला ठोकल्या. पावसाळ्यात मी काय डोक्यावर पाटी घेऊन हिंडू?"

ताईबाई नवऱ्याच्या खांद्याशी उभी राहून कुरकुरली. कचरूनं मान वळवली नाही. दोन वर्षांपासून तिनं 'ऐकलं का' म्हणून हाक मारायचंच सोडलं होतं. बाही ओढली की भागायचं. दुरुस्तीला आलेले रेडिओही तीच ऐकायची आणि त्याला बोटांनी 'झाला' अशी खूण करायची. अख्ख्या काटेवाडीला ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

काठी म्हणजे प्रियदर्शनीचा, त्यांच्या लेकीचा, घरी केलेला अँटेना. बारामतीला कॉलेजात शिकणाऱ्या या पोरीनं बिनतारी संदेशाचा परवाना काढला होता. आज अकरा दहाला एक उपग्रह फलटणच्या बाजूनं उगवून इंदापूरवरून उत्तरेला जाणार होता. हातातल्या सेटवरून त्याच्यामार्फत लांबच्या माणसाशी बोलायचं, तो आभाळात असेल तेवढ्या बारा मिनिटांत. सेट कॉलेजचा, संध्याकाळी परत द्यायचा. आणि तिला तो आवाज बापाला, आबांना ऐकवायचा होता. तारा जोडायला त्यांनीच शिकवलं होतं ना! सेट मोठ्यानं लावला तर लागेलही कानाला, अशी वेडी आशा.

वेळेवर ती आईबापासह स्लॅबवर गेली आणि ओरडली, "आई गं! आबांनी काठी पाइपाला आवळून टाकलीय! सिंहगडाकडं तोंड करून!"

गावातल्या टीव्हीचे सगळे अँटेना कचरूनंच बसवलेले, सगळे सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडं बघणारे.

"आबा, ह्यो उपग्रह फिरता हाय! पाना द्या!"

"व्हय, व्हय," कचरू हसला. "घट्ट बसवलीय."

ताईबाईनंच त्याच्या खिशातला पाना ओढला. नट सुटला.

"धर आई, फलटणकडं! त्यो उसाच्या शेंड्यांवर येऊ दे, पाल्यात लाटा अडकत्यात."

खरखर. नुसती खरखर.

"वर! आता काठी पीळ, आडवी कर. त्यो गरगरतोय, काड्या त्याच्या कलानं वळव!"

ताईबाईनं काठी पिळली आणि खरखर फाटून माणसाचा आवाज आला. प्रियदर्शनीनं बटण दाबून गावाचं नाव सांगितलं. बटण सोडलं. एक क्षण. दुसरा.

"काटेवाडी, काटेवाडी! मैं कोच्चीसे! आवाज एकदम साफ!"

"अगं बया! आपल्या गावाचं नाव घेतलं!" ताईबाई जागच्या जागी नाचली.

"आबा, ऐका!" लेकीनं सेट बापाच्या कानाला लावला. कोच्चीवाला जोरात काहीतरी विचारत होता.

"झकास!" कचरू म्हणाला. पण डोळे बायकोच्या बोटांकडं. ती दोन्ही हातांनी काठी धरून आभाळभर फिरवत होती. सोडली तर आवाज तुटणार; खूण करायची कशानं? उपग्रह इंदापूर ओलांडून चालला होता.

कचरूनं सेट लेकीच्या हातात परत ठेवला.

"पोरी, मला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. तू सांग की लवकर, काय म्हणतोय त्यो?"