पेन्सिलीचा शनिवार

बघूसाहेबांनी शनिवारच्या चौकोनातलं नाव खोडायला घेतलं आणि कागद फाटला.

फार नाही, नखाएवढाच. त्यांनी रबराचा भुगा फुंकून उडवला, फाटलेली जागा अंगठ्याने दाबून बसवली आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात नवं नाव लिहिलं: नाटकवाले. त्या चौकोनात बाहुलीबाईंचं नाव याआधी दोनदा लिहून दोनदा खोडलं गेलं होतं, ही तिसरी वेळ. कागद तरी किती सोसणार?

त्यांचं खरं नाव नेमणुकीच्या कागदावर कुठेतरी होतं. पण नाट्यगृहाची तारीख मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वीस वर्षं ते “बघूया” असं उत्तर देत आले होते, म्हणून सगळे त्यांना बघूसाहेब म्हणायचे. पाठीमागे म्हणता म्हणता तोंडावरही म्हणायला लागले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. तारखांची वही ते पेन्सिलीनेच लिहायचे. शाईने लिहिलं की माणूस अडकतो, हा त्यांचा सिद्धान्त.

माणूस वाईट नव्हता. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं, त्यामुळे जो समोर असेल त्याला हो. मग दुसरा आला की त्यालाही हो. शेवटी दोघांपैकी जो आवाज चढवेल त्याला तारीख मिळायची आणि जो समजून घेईल त्याला मंगळवारची सकाळ. बाहुलीबाई समजून घेणाऱ्यांतल्या. बाहुल्यांचे खेळ करणारी बाई, सोबत दोन माणसं आणि चार पेट्या. त्या आवाज चढवायच्या त्या फक्त राक्षसाचा.

बघूसाहेबांनी त्यांना फोन लावला.

“बाई, शनिवारचं जरा अवघड झालंय. नाटकवाले अडून बसलेत, त्यांना दुसरीकडे कुठे मिळतच नाहीये म्हणे. तुम्हाला मंगळवारी सकाळी देतो. जरा समजून घ्या.”

“बरं,” बाहुलीबाई म्हणाल्या.

किती गुणी बाई, असं मनाशी म्हणत बघूसाहेब जेवायला घरी गेले.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खोलीभर एक कोट पसरला होता. कॉलर खिडकीपाशी आणि शेवट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. बायको जमिनीवर बसून त्याला शेवटचं बटण लावत होती. शिवणकाम हा तिचा धंदा. अर्धी गल्ली तिने शिवलेले कपडे घालून हिंडायची, पण राक्षसासाठी तिने पहिल्यांदाच शिवलं होतं. बाहुलीबाईंच्या नव्या खेळातल्या अकराही बाहुल्यांचे कपडे तिच्याच हातचे होते आणि त्यात हा कोट म्हणजे तिचा जीव की प्राण.

“कोटावरून चालू नका,” ती म्हणाली. “कडेकडेने या. शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, मधोमध. समोरच्या सुताराच्या घरच्यांनाही सांगितलंय.”

बघूसाहेब भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे सरकत खुर्चीपर्यंत पोचले. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर त्याहून मोठी.

“शनिवारचं जरा पुढेमागे झालंय,” ते म्हणाले.

“कुणी केलं?”

या प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. पुढेमागे आपोआप होतं, असाच त्यांचा समज होता.

“म्हणजे… मीच. नाटकवाल्यांना दिला शनिवार. बाईंना फोन केला ना. बरं म्हणाल्या. समजूतदार आहेत त्या.”

बायकोने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

“म्हणजे जी भांडत नाही तिचं खोडायचं.”

“तसं नाही गं.”

“मग कसं? एकीने आणून दिलेलं कापड मी दुसरीला शिवून दिलं आणि वर म्हटलं, पहिली समजूतदार आहे, तर चालेल?”

“कापडाचं वेगळं असतं.”

“काय वेगळं असतं?”

बायको उठली, मशीनच्या खणातून एक पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ताट वाढायला आत गेली. ते तिचं चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं. एका छपराखाली वीस वर्षं काढूनही त्यांनी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग, मध्ये फाडायला भोकांची रेघ. अर्धी शिवणारीकडे, अर्धी गिऱ्हाइकाकडे, आणि दोन्हींवर तोच मजकूर. कापड कुठलं, त्याचा नखाएवढा तुकडा टाचलेला. शिवायचं काय, मापं काय, द्यायचं कुठल्या वारी. कापड धुतल्यावर आटलं तर दोष कुणाचा, तेही लिहिलेलं. आणि खाली दोन सह्या.

ते वाचता वाचता त्यांना जेवणाची वासना राहिली नाही. आपल्या वहीचा दुसरा भाग कुणाकडेच नव्हता. ती वही त्यांच्या टेबलाच्या खणात असायची आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात. आपण सगळ्यांना सांभाळून घेतो, असं ते वीस वर्षं समजत आले होते. सांभाळून कोण कुणाला घेत होतं?

“यातली एक कोरी चिठ्ठी नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“चार न्या,” बायको आतून म्हणाली. “तुमचं पहिल्या फटक्यात जमायचं नाही.”

तिचं खरं ठरलं. नाट्यगृहाच्या कार्यालयात बसून त्यांनी पहिली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, सवयीने. ती बाजूला ठेवून दुसरी शाईने लिहिली, तर त्यात बाईंनी काय काय करायचं तेवढंच आलं: रंगमंचावर खिळे ठोकायचे नाहीत, आठ वाजता जागा मोकळी करायची, पडद्याला हात लावायचा नाही. आपलं काय, ते लिहायचंच राहिलं. तिसऱ्या चिठ्ठीला मात्र त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं आणि बराच वेळ विचार केला. शनिवारी चारचा खेळ. रंगमंच दुपारी बारापासून ताब्यात. मेकअपच्या दोन्ही खोल्या, किल्ल्यांसकट. दिव्यांवर आमचा एक माणूस, खेळ संपेपर्यंत. तारीख बदलायची तर दोघांच्या संमतीने, एरवी नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. कारण आता नाटकवाल्यांना फोन करणं आलं.

नाटकवाले म्हणजे तीन ट्रक भरून नेपथ्य आणि चौथा भरून आवाज. बघूसाहेबांनी नंबर फिरवला, अर्ध्यात ठेवून दिला, पाणी प्यायले आणि पुन्हा फिरवला.

“शनिवार जमणार नाही,” ते एका दमात म्हणाले.

“असं कसं? सकाळी हो म्हणालात की.”

“सकाळी चुकलो. ती तारीख आधी दुसऱ्यांना दिली होती.”

“दिली होती म्हणजे? पेन्सिलीनेच ना?”

बघूसाहेबांचे कान गरम झाले. मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं तरी ते गल्लीला दिसायचं राहत नाही.

“हो, पेन्सिलीने,” ते म्हणाले. “आता शाईने लिहिली आहे.”

“वा. आणि आम्ही काय करायचं? तुमच्याकडे नाही, पुलापलीकडच्या सभागृहात विचारावं तर तिथला शनिवार कुणीतरी अडवून ठेवलाय. प्रेक्षकांना काय रस्त्यावर बसवू?”

फोन आपटल्याचा आवाज आला. बघूसाहेबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. आभाळ कोसळलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि बाहेर झाडूवाला व्हरांडा झाडत होता. नाही म्हटल्यावर माणूस जगतो, हे त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

बाहुलीबाईंची काम करायची जागा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. बघूसाहेब तिथे आधी कधीच गेले नव्हते. तारीख मागायला लोकांनी आपल्याकडे यायचं असतं, आपण जायचं नसतं. जिना चढून ते दारात उभे राहिले. दहा बाहुल्या आढ्याला टांगलेल्या होत्या आणि अकरावा राक्षस खोलीभर आडवा पडला होता, कोटाची वाट बघत. बाई त्याच्या कोपराला दोरी बांधत होत्या.

“साहेब? तुम्ही?” त्या उठल्या. “मंगळवारही गेला का?”

त्या हसत म्हणाल्या, पण बघूसाहेबांना ते लागलं.

“नाही. शनिवार तुमचाच आहे. सकाळी खोडला ती माझी चूक झाली. आणि आधी दोनदा खोडला तीही.” त्यांनी चिठ्ठी पुढे केली. “हे वाचा. पटलं तर सही करा. अर्धी तुमच्याकडे ठेवा.”

बाईंनी चिठ्ठी वाचली. चष्मा लावून पुन्हा वाचली.

“‘दोघांच्या संमतीने’ म्हणजे, मी नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

“नाटकवाले आले तरी?”

“येऊन गेले. मग फोन करून नाही म्हणून सांगितलं.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, सही केली, भोकांच्या रेघेवरून चिठ्ठी फाडली आणि आपला अर्धा भाग भिंतीला टाचला. मग त्या फोनपाशी गेल्या.

“नमस्कार. बाहुल्यांच्या खेळवाली बोलतेय. ती शनिवारची माझी तारीख सोडते मी. हो, नक्की. दुसऱ्या कुणाला द्यायची तर द्या.”

त्यांनी फोन ठेवला. बघूसाहेब बघतच राहिले.

“कुठली तारीख?”

“पुलापलीकडच्या सभागृहातली.” बाई ओशाळल्या, पण सांगायचं ठरवलं तसं सरळ सांगून टाकलं. “तुमच्याकडे तारीख घेतली की मी तिथेही घेऊन ठेवते. सहा वर्षं झाली. ऐन वेळी खोडलं गेलं तर तोंडघशी पडायला नको. तिथलं छत बुटकं आहे, मोठ्या बाहुल्या उभ्या राहत नाहीत. शनिवारी पाचच बाहुल्यांवर भागवलं असतं. हा,” त्यांनी राक्षसाकडे बोट केलं, “पेटीतच राहिला असता.”

“म्हणून सकाळी नुसतं ‘बरं’ म्हणालात.”

“काय म्हणणार मग?”

बघूसाहेब मटकन स्टुलावर बसले. पुलापलीकडचा शनिवार बाईंनी अडवलेला. तो अडला म्हणून नाटकवाले आपल्या दारात येऊन अडले. ते अडले म्हणून आपण बाईंचं नाव खोडलं. आणि आपण खोडतो म्हणून तर बाईंनी तो शनिवार अडवलेला. सगळं फिरून त्यांच्याच रबरापाशी येत होतं.

आधी त्यांना वाईट वाटलं, खरंखुरं वाईट. मग पोटातून कुठून तरी हसू आलं आणि ते आवरेना. बाईंनाही राहवेना. टांगलेल्या दहा बाहुल्यांखाली दोन मोठी माणसं डोळे पुसत हसत बसली.

“तुम्ही एकट्याच का हो अशा,” बघूसाहेबांनी विचारलं, “की आणखी कुणी आहे, दोन्ही डगरींवर हात ठेवणारं?”

“सगळेच,” बाई म्हणाल्या. “नाचवाले, गाणारी, तो जादूगार. तुमची वही भरलेली दिसते ना, त्यातले निम्मे तर तिथल्या वहीतही आहेत.”

श्वास घ्यायला जागा नाही, असं बघूसाहेब त्या वहीबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. ती सगळी नावं अर्ध्या विश्वासाची निघाली. पण आता त्यांना रडू येत नव्हतं. करावं तसं भरावं, आणि इतक्या स्वस्तात भरायला मिळत असेल तर तक्रार कशाला?

“फोन करू का?” त्यांनी विचारलं आणि नाटकवाल्यांचा नंबर फिरवला. “मी बोलतोय. पुलापलीकडचा शनिवार मोकळा झालाय, आत्ताच विचारा… कसं कळलं म्हणजे? ज्यांनी अडवला होता त्यांच्यासमोरच बसलोय.”

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, नाव सांगा म्हणून.

त्यांनी फोन ठेवला. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं. बाई पुन्हा राक्षसाच्या कोपराशी बसल्या, दोरी हातात घेतली, पण गाठ मारली नाही.

“साहेब, आता माझ्याकडे दुसरी जागा नाही,” त्या म्हणाल्या.

त्यात ना तक्रार होती ना गळ. जे होतं तेच त्यांनी सांगितलं. वीस वर्षांत लोकांनी बघूसाहेबांचे आभार मानले होते, विनवण्या केल्या होत्या, दोघाचौघांनी शिव्याही दिल्या होत्या. हे मात्र त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांना एकदम उभं राहावंसं वाटलं आणि ते उभे राहिले.

“हा आत जाईल कसा, तेवढं सांगा,” बाईंनी राक्षसाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचं मागचं दार किती रुंद आहे?”

बघूसाहेबांनी तोंड उघडलं. त्या दारातून ते वीस वर्षं रोज आत-बाहेर करत होते.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “टेप आहे का तुमच्याकडे? आत्ता मोजून येतो.”

बाईंनी टेप दिली. ती खिशात घालून ते अर्धा जिना उतरले, तेव्हा बाईंनी कठड्यावरून वाकून सांगितलं, “उंचीही घ्या.”