राजीखुशीनं

रोज सकाळी धाकटी जाऊ खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून पाणी सोडायला निघाली, की थोरलीचा जळफळाट सुरू होई. गल्लीभर बायका धाकटीला हाका मारत. "आज जोर बरा ठेव गं!" "तुझ्यामुळे शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचतं बघ!" थोरलीनं वीस वर्षं याच गल्लीत घर राखलं, सासूचं आजारपण काढलं, तिची वाट पाहत कोणी कधी दारात उभं राहिलं नव्हतं.

धाकटीचा नवरा गावच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायचा. तो अंथरुणाला खिळला तेव्हापासून त्याच्या बदली तीच जात होती. गेल्या वर्षी तो वारला आणि आता त्याच्या जागी तिला कायम करायचं ठरलं होतं.

"नवरा गेलेल्या बाईनं रस्तोरस्ती हिंडायचं आणि धडधाकट दिरानं बसून राहायचं?" हे थोरलीनंच नवऱ्याच्या डोक्यात भरवलं. त्यानं लगेच कागद करून आणला: 'माझा हक्क मी राजीखुशीनं मोठ्या दिरांना देते.' धाकटीला बजावलं तेही थोरलीनंच.

"सही कर. नाहीतर पोरीला घेऊन दुसरीकडे छप्पर शोध."

धाकटीनं सही केली.

साक्षीदार म्हणून थोरलीही कार्यालयात आली होती. साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून दिराकडे पाहिलं.

"खालच्या आळीचा व्हॉल्व्ह कसा उघडाल?"

"त्यात काय? फिरवायचा!"

"अहो, नाही!" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "तो उलट्या आट्याचा आहे, उलटीकडे फिरवला की उघडतो. अर्धा फिरवून थांबायचं, पाइपातली हवा निघू द्यायची. एकदम उघडला तर जुना सांधा निखळतो."

थोरली बघतच राहिली. घरात भिंतीशी अंग चोरून वावरणारी हीच का ती? नवऱ्याला ही जागा मिळाली, तरी असं ठामपणे बोलणं आपल्या वाट्याला थोडंच येणार होतं?

साहेबांनी पेन थोरलीपुढे धरलं. "साक्षीदार तुम्ही ना? ह्या राजीखुशीनं देताहेत?"

"कर की सही," नवरा पुटपुटला.

"राजीखुशीनं नाही, साहेब," थोरली म्हणाली. "घराबाहेर काढीन म्हणून मीच धमकावलंय तिला."

"घरी ये, मग बघतो तुला!" नवरा तणतणत निघून गेला. साहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली.

बाहेर पायरीवर धाकटीनं डोळे पुसले. "जाऊबाई, माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी कसलं डोंबलाचं! अजूनही जीव जळतोय माझा तुझ्यावर. पण तुझं हिसकावलं म्हणून ते माझं होणार नव्हतं."

एवढं बोलून ती वळली, पुन्हा आत गेली आणि साहेबांच्या टेबलापुढे पदर सावरून उभी राहिली.

"साहेब, बाईमाणसाला आणखी एखादी जागा आहे का हो? मी शिकेन."