'प्रस्तुत'च्या पुढे

ताईच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. आळस म्हणाल तर तो नव्हता. उत्तराचे चौदा कच्चे खर्डे टेबलाच्या खणात आहेत आणि पंधरावा डोक्यात.

पत्र छोटंच होतं. "प्रिय बुजऱ्या, माझे डोळे आता गेल्यात जमा. कागदावरची अक्षरं भिंगाखाली थांबतात तरी, फोनवरची पळतात. म्हणून शेजारणीनं प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावून दिली आहे. भाचीची शिट्टी, डॉक्टरांचं घड्याळ. ज्याला टोन नाही तो विमा विकणारा असं धरून मी फोन उचलतच नाही. तू तुझ्या आवाजातली टोन शेजारणीला पाठव आणि सोबत तुझ्या हातचं पत्र टाक. हल्ली कुणीही कुणाचा आवाज काढतं. अक्षर पाहिल्याशिवाय मी ती लावू देणार नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी तिला फोन करतो आणि विमा विकणारा म्हणून वाजून वाजून गप्प होतो. ती ब्याऐंशीची, मी शहात्तरचा. रविवार काही बरणीत घालून ठेवता येत नाहीत.

शेवटी मनाचा हिय्या करून सुनेला सांगितलं. तिचा यात हातखंडा. आमच्या घरात माणसं आता नावानं नव्हे, टोननं ओळखली जातात. मुलाच्या साहेबांना तिनं गाढवाचं ओरडणं लावलं आहे. मध्यंतरी साहेब घरी आले, सोफ्यावर बसताना त्यांचा फोन दाबला गेला आणि मुलाच्या खिशात गाढव ओरडलं. साहेबांनी दचकून खिडकीबाहेर पाहिलं. मग आम्ही सगळेच, पाहुण्यांचा मान म्हणून, बराच वेळ खिडकीतून गाढव शोधत राहिलो.

मला कोणती टोन लावली आहे, असं मी भीत भीत विचारलं. पान उलटल्याचा आवाज, ती म्हणाली. तो ऐकूच येत नाही, म्हणून माझे फोन राहून जातात, हेही तिनं सांगून टाकलं.

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांची वाक्यं कापण्यात हयात गेली, पण स्वतःचं वाक्य लिहायचं म्हटलं की ते लिहिण्याआधीच कापून टाकतो. तरी टोनसाठी दोन पानं मजकूर केला आणि सुनेच्या धाकानं तो चार ओळींवर आणला. प्रस्तावना मात्र सोडवेना.

"बाबा, रिंगटोन आहे ही, ग्रंथ नाही," ती म्हणाली.

एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही, असं माझं म्हणणं पडलं.

फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून आम्ही बसलो. तिसऱ्या वेळी माझी जीभ अडखळली, नवव्या वेळी बाहेर कुणीतरी बादली आपटली, सतराव्या वेळी जमलं. सुनेनं दोन्ही टोकं कातरून नेमके तीस सेकंद केले, टोन स्वतःच्या फोनवर लावली आणि मला शेजारच्या खोलीतून फोन करायला पाठवलं.

भिंतीपलीकडून माझाच आवाज आला, "ताईस सविनय नमस्कार. प्रस्तुत..." आणि तिनं फोन उचलला.

"पूर्ण ऐक की," मी म्हणालो.

"फोन वाजला की माणूस उचलतो, बाबा. टोन संपेपर्यंत कोण थांबतंय?"

आम्ही पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा मी 'प्रस्तुत'च्या पुढे गेलो नाही. खरं सांगायचं तर जन्मभर गेलो नव्हतो, पण ते सुनेसमोर कळायला नको होतं.

तिनं विचारलं, लहानपणी आत्या तुम्हाला कशावरून ओळखायच्या? मी नाइलाजानं सांगितलं. शाळेतून आल्यावर मी दार वाजवत नसे. बाहेर उभा राहून खाकरायचो आणि परवानगी मागायचो. स्वतःच्याच घरात. ताई आतून म्हणायची, "ये बाबा, दार काही खात नाही तुला."

सुनेनं हसू गिळलं आणि फोन पुढे केला. "तेच म्हणा."

मी खाकरलो. "ताई, आत येऊ का?"

खाकरण्यासकट तीन सेकंद. आत्या फोन उचलेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा वाजत राहणार, सून म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा लकडा मी आयुष्यात कुणाच्या मागे लावला नव्हता. थोडं बदलू या, असं म्हणेपर्यंत ती शेजारणीला टोन पाठवून मोकळीही झाली होती.

राहिलं पत्र. भिंगाची आठवण ठेवून बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, "ताई, आवाज माझाच आहे. रविवारी उचल. तुझा बुजऱ्या."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडाशी हात अडला. 'रविवारी'च्या पुढे वेळ घालायला हवी होती का? 'उचल' फार उद्धट तर नाही? मागे एक बाई आपलं पाकीट घेऊन ताटकळत होत्या.

"आजोबा, पत्र टाकताय, की पेटीला वाचून दाखवताय?"

मी दचकलो आणि पाकीट हातातून सुटून आत पडलं.